केळफूल ताकात का घालतात?

बेंगळुरूच्या गांधी बझारात वांगी, कच्ची केळी आणि केळफुलं शेजारी शेजारी मांडलेली दिसतात. चिरली की तिन्ही काळी पडतात. कन्नड घरांतही आपल्यासारखंच केळफूल ताकाच्या पाण्यात घालतात. ही केवळ जुनी सवय नाही, तिच्यामागे पक्कं रसायनशास्त्र आहे.

वनस्पतीच्या पेशीत फिनॉल वर्गातली द्रव्यं एका कप्प्यात असतात आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं विकर दुसऱ्या. सुरी फिरली की कप्पे फुटतात, दोघं एकत्र येतात आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने फिनॉलांची क्विनोनं बनतात. ती एकमेकांना जोडली गेली की काळपट रंग धरतो. विकराच्या गाभ्यात तांबं असतं. तेच त्याचं मर्मस्थान.

केळफूल सोलताना हे सगळं डोळ्यांदेखत घडतं. हाताला तेल लावून एकेका फुलातला कडक दांडा आणि पारदर्शक खवला काढेपर्यंत आधीची फुलं तपकिरी झालेली असतात. नुसत्या पाण्याने फक्त हवा अडते. ताकातलं लॅक्टिक आम्ल विकराचा वेग कमी करतं, शिवाय ताकातलं केसीन फिनॉलांना धरून ठेवतं, म्हणून तुरटपणाही उतरतो. वांग्याच्या पाण्यात घातलेलं मीठही वाया जात नाही, त्यातलं क्लोराइड विकराला अडथळा करतं. लिंबातलं सायट्रिक आम्ल थेट तांब्यालाच पकडतं. क जीवनसत्त्व क्विनोनांना परत फिनॉल करतं. मात्र ते संपलं की फोडी पुन्हा काळ्या पडू लागतात.

फोडी काळ्या पडू नयेत म्हणून कारखानदारीने बराच काळ सल्फाइट या रसायनावर भिस्त ठेवली. दमेकऱ्यांना त्याचा गंभीर त्रास झाल्यावर अमेरिकेने १९८६ मध्ये कच्च्या खायच्या ताज्या फळं-भाज्यांवर त्याला बंदी घातली. तेव्हापासून अननसाचा रस, कांद्याचा अर्क, हिरवा चहा यांच्याकडे संशोधकांचं लक्ष अधिक गेलं. हे अर्क काम करतात, पण आपली चव आणि रंगही सोडतात. आमसुलाच्या पाण्यात बटाटा ठेवला तर तो लालसर होणारच. त्यामुळे सगळ्या भाज्यांना चालेल असा एक वनस्पतिजन्य उपाय शोधण्यापेक्षा पदार्थ पाहून अर्क निवडणं मला शहाणपणाचं वाटतं.

वांग्याची गोष्ट आणखी विचार करायला लावणारी आहे. ज्या क्लोरोजेनिक आम्लामुळे ते काळं पडतं, ते स्वतःच उत्तम अँटिऑक्सिडंट आहे. बेंगळुरूजवळ हेसरघट्ट्याच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेने अर्का केशव, अर्का निधी यांसारख्या जिवाणूजन्य मर रोगाला तोंड देणाऱ्या जाती दिल्या. अशीच निवड करताना पुढे कुणी गर पांढरा राहावा म्हणून फिनॉलच कमी असलेलं वाण निवडलं, तर खाणाऱ्याचं नुकसान होईल.

तेव्हा चिरून ठेवलेलं वांगं तपकिरी झालं म्हणून टाकू नका. वास आला किंवा बुळबुळीत झालं तरच टाका. आणि तयार चिरलेल्या भाजीचं पाकीट घेताना फोडींच्या पांढरेपणाला भुलण्याआधी त्यावरचा मजकूर वाचा.