मोडलेलं खोड आणि वरची पानं

अवकाळी पाऊस वाऱ्यासकट येऊन गेला की दुसऱ्या दिवशी सगळीकडून एकच प्रश्न येतो. टोमॅटोचं, वांग्याचं नाहीतर मिरचीचं भरात आलेलं झाड बुंध्याच्या वर मोडलंय, एका बाजूची साल तेवढी धरून आहे, शेंडा लोंबतोय. उपटून टाकायचं की बांधून बघायचं? बांधून बघा, आणि ऊन चढायच्या आत बांधा. उत्तर एवढंच आहे. पण बांधल्यावर त्या खोडाच्या आत जे घडतं ती वनस्पतिशास्त्रातली माझी अतिशय लाडकी गोष्ट आहे. ती कळली की काय करू नये हेही आपोआप कळतं.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. मोडलेल्या जागी जुन्या नळ्या एकमेकींना पुन्हा चिकटत नाहीत. मुळांकडून पाणी वर नेणाऱ्या जलवाहिन्या म्हणजे मेलेल्या पेशींच्या पोकळ भिंती. पेशी मरते, आतलं सगळं विरघळून जातं, तेव्हाच ती नळी म्हणून कामाला येते. जे मेलेलं आहे ते बरं कसं होणार? त्यातून या नळ्यांतलं पाणी वरच्या पानांच्या ओढीनं सतत ताणलेलं असतं. खोड मोडलं की हवा आत शिरते आणि त्या नळीतला पाण्याचा धागा तुटतो तो तुटतोच. म्हणजे मोडलेली वाट झाडाच्या दृष्टीनं कायमची बंद झाली. शेंडा जगवायचा तर जखमेला वळसा घालून नवी वाट काढावी लागते, आणि तीही जिवंत पेशींनाच काढावी लागते.

या जिवंत पेशी मुख्यतः दोन ठिकाणी असतात. सालीच्या लगेच आत कॅम्बियमचा पातळ थर असतो. आतल्या बाजूला नवं लाकूड आणि बाहेरच्या बाजूला पानांतलं अन्न वाहून नेणाऱ्या नव्या रसवाहिन्या हाच थर बनवतो. दुसरं ठिकाण म्हणजे खोडाच्या मध्यातला मऊ भेंड. एरवी भेंडाच्या पेशी नुसती जागा भरून बसलेल्या असतात. जखम झाली की त्याच पेशी पुन्हा विभागू लागतात. त्यांतल्या काही आपल्या भिंतींवर लाकडाला कडकपणा देणाऱ्या लिग्निनच्या कड्या चढवतात आणि मरून पाण्याची नळी होतात. आयुष्यभर भराव म्हणून बसलेल्या पेशीनं ऐन वेळी असं काम अंगावर घ्यावं याचं मला दर वेळी नव्यानं आश्चर्य वाटतं.

पण भेंडातल्या हजारो पेशींपैकी नेमकी कोणती पेशी नळी होणार हे कोण ठरवतं? याचं उत्तर ज्यांनी शोधलं त्यांचं नाव मराठीत क्वचितच वाचायला मिळतं. विल्यम जेकब्ज हे अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांनी प्रयोगासाठी कोलियस निवडला. आपल्याकडे बाल्कनीत रंगीत पानांसाठी लावतात तेच साधं झाड. त्याच्या कोवळ्या खोडाला त्यांनी अशी खाच पाडली की एक वाहिनीपुंज पूर्ण तुटेल. काही दिवसांनी नव्या जलवाहिनीचा एक धागा खाचेला वळसा घालून पलीकडे पोचलेला दिसायचा. मग त्यांनी खाचेच्या वरची पानं आणि कळ्या काढून टाकल्या, तर नव्या वाहिन्या फारच कमी बनल्या. खाचेखालची पानं काढली तर फारसा फरक पडला नाही. शेवटी वरची पानं काढलेल्या जागी ऑक्झिन हे संप्रेरक लावलं, आणि वाहिन्या पुन्हा बनू लागल्या. हे संशोधन १९५२ साली प्रसिद्ध झालं.

ऑक्झिन म्हटलं की १८८० सालचे चार्ल्स डार्विन आणि त्यांचे चिरंजीव फ्रान्सिस आठवतात, ओटच्या कोंबांवर प्रयोग करणारे फ्रिट्स वेंट आठवतात. प्रकाशाकडे झुकणाऱ्या कोंबाची गोष्ट शाळेपासून सांगितली जाते. जेकब्ज यांची गोष्ट मात्र सांगितली जात नाही, आणि ज्याच्या बागेत खोड मोडलंय त्याला खरं तर हीच गोष्ट हवी असते. दुरुस्तीचा हुकूम वरच्या पानांतून आणि शेंड्यातून खाली येतो, हे जेकब्ज यांच्या प्रयोगानं दाखवलं.

हा हुकूम वाट कशी शोधतो, याचं विलक्षण देखणं स्पष्टीकरण जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या त्स्वी साक्स यांनी दिलं. वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून त्यांनी मांडलं, की ऑक्झिन ज्या पेशींतून वाहतं त्या पेशी ते वाहून न्यायला अधिकाधिक समर्थ होत जातात. उघड्या माळावर पहिल्या पावसाचं पाणी कसं चालतं ते आठवा. सुरुवातीला ते सगळीकडे पसरतं. मग जिथे थोडं जास्त वाहतं तिथली माती थोडी जास्त जाते, म्हणून तिथे आणखी पाणी येतं, आणि चार-सहा पावसांत एक ठळक ओघळ पडतो. आराखडा कोणी काढलेला नसतो, वाहणंच वाट कोरत जातं. जखमेच्या वर तुंबलेलं ऑक्झिन असंच पेशीपेशींतून झिरपत खालच्या शाबूत वाहिनीपर्यंत पोचतं, आणि ज्या रांगेतून ते सर्वांत जास्त वाहिलं ती रांग वाहिनी होते. पुढे ऑक्झिनला पेशीच्या ठरावीक बाजूनं बाहेर काढणारी ‘पिन’ प्रथिनं सापडली आणि साक्स यांच्या कल्पनेला रेणूंच्या पातळीवर आधार मिळाला.

अर्ध्या मोडलेल्या खोडावर थेट काम जपानमध्ये झालं. मासाशी आसाहिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काकडी आणि टोमॅटोच्या रोपांचं कोवळं खोड अर्ध्यापर्यंत कापून ते कसं सांधतं ते पाहिलं. त्यात बीजपत्रांकडून येणारं जिबरेलिन हे संप्रेरकही लागतं, असं २००२ साली त्यांनी दाखवलं. २०११ साली त्यांनी अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपाच्या फुलांच्या दांड्याला अर्धी खाच दिली. खाचेच्या वरच्या काठाला ऑक्झिन साचतं आणि तिथे एक जनुक जागं होतं. खालच्या काठाला ऑक्झिन कमी पडतं आणि तिथे दुसरंच जनुक जागं होतं. दोन्हींची कामं पार पडली तरच दोन्ही काठ सांधतात, आणि यासाठी सुमारे आठवडा लागतो. कलमांवर काम करणाऱ्या चार्ल्स मेलनिक यांनाही २०१५ साली साधारण असंच वेळापत्रक दिसलं. पूर्ण कापून जोडलेल्या इवल्याशा रोपात आधी रसवाहिन्या जोडल्या जातात, साधारण तिसऱ्या दिवशी. जलवाहिन्या सातव्या दिवसाच्या आसपास. म्हणून बांधल्यानंतर पहिले काही दिवस शेंडा मलूल दिसला तर घाई करून निकाल लावू नका.

वरून खाली येणाऱ्या या प्रवाहाचा पुरावा आपल्या रोपवाटिकांत रोज दिसतो. डाळिंबाची गुटी बांधताना फांदीवरून सालीचं एक कडं काढतात. पाणी आतल्या लाकडातून वर जात राहतं, म्हणून पानं हिरवी राहतात. पानांत तयार झालेलं अन्न आणि संप्रेरकं मात्र सालीतून खाली येताना कड्याच्या वरच्या काठाशी अडतात, आणि मुळं तिथेच फुटतात. सतराव्या शतकात इटलीतल्या मार्चेल्लो माल्पिगी यांनी असंच सालीचं कडं काढून वरचा काठ फुगलेला पाहिला होता.

सालीतली ही वाट शाबूत राहिली की काय होतं, याचं एक उदाहरण कॅनडातलं आहे. तिथे २०१८ पासून बहुतेक प्रांतांत घराच्या आवारात गांजाची चार रोपं लावायला कायद्यानं परवानगी आहे. तिथे शरद ऋतूत फुलांनी जड झालेली झाडं वाऱ्यात मधोमध मोडतात, आणि लोक ती टेप गुंडाळून, काठीला बांधून वाचवतात. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार परवान्याशिवाय ही लागवड गुन्हा आहे, त्यामुळे कोणी त्या वाटेला जाऊ नये. वनस्पती म्हणून मात्र हे उदाहरण फार बोलकं आहे. या झाडाच्या सालीत लांब, चिवट धागे असतात. जहाजांचे दोरखंड आणि शिडं शतकानुशतकं याच धाग्यांची बनत होती. आतलं खोड पोकळसर, ठिसूळ. वाऱ्यानं आतलं लाकूड मोडतं, पण साल तुटत नाही, आणि सालीबरोबर तिच्या आतले जिवंत थरही बऱ्यापैकी जोडलेले राहतात. वरून येणाऱ्या ऑक्झिनला खाली उतरायला वाट शिल्लक राहते. काही आठवड्यांत मोडलेल्या जागी जाड गाठ येते. टोमॅटोची साल एवढी चिवट नसते, म्हणून तिथे हात हलका ठेवावा लागतो.

आता समाजमाध्यमांवरच्या उपायांबद्दल. जखमेवर मध, हळद, दालचिनी, कोरफडीचा गर, कुठे बाजारातलं मुळं फुटायचं संप्रेरक लावायला सांगतात. यातलं काहीही खोड सांधत नाही. ऑक्झिन झाड स्वतःच वरून पाठवतंय, आणि मधोमध भरलेला लेप दोन काठांना एकमेकांपासून दूर ठेवतो. अमेरिकी वनसेवेतल्या ॲलेक्स शायगो यांनी करवतीनं हजारो झाडं उभी चिरून जुन्या जखमा तपासल्या. जखमेवरच्या लेपांनी आतली कूज थांबत नाही, झाड कुजलेल्या भागाभोवती स्वतःच भिंत घालतं, असं त्यांनी दाखवून दिलं. छाटणीनंतर डाळिंबाला बोर्डो पेस्ट लावतात ती बुरशी रोखण्यासाठी. तिचं काम वेगळं, आणि सांध्याच्या आत तिचंही काम नाही.

आणखी एका बातमीबद्दल सांगायला हवं. ऊस, ज्वारी, केळी या एकदल वनस्पतींत कॅम्बियम नसतो, म्हणून त्यांचं मोडलेलं खोड सांधत नाही आणि त्यांचं कलमही होत नाही, असं पुस्तकं सांगत आली. २०२१ च्या अखेरीस केंब्रिजमधल्या ज्युलियन हिबर्ड आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं, की बियातल्या गर्भाचा कोंब आणि मूळ जिथे मिळतात तिथे एकदलींचंही कलम जमतं. गव्हाचा कोंब ओटच्या मुळावर जगला. संशोधन अस्सल आणि सुंदर आहे. पण त्यावरून केळी पनामा रोगापासून वाचणार असे मथळे आले, तेव्हा हे कलम बियातल्या गर्भावर होतं आणि आपल्या खाण्याच्या केळीत बीच नसतं हे लिहायला हवं होतं. जळगावच्या शेतकऱ्याला त्या बातमीचा आज उपयोग नाही, आणि मोडलेला ऊस टेपनं जुळणार नाही.

तेव्हा सालीचा एखादा पट्टा जरी शाबूत असेल तर जागा सुकायच्या आत खोड सरळ करा, दोन्ही काठ नीट बसवा, कलम बांधायच्या पट्टीनं किंवा मऊ कापडी चिंधीनं घट्ट पण काचणार नाही असं गुंडाळा. शेजारी काठी रोवून सांध्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे बांधा, म्हणजे वारा सांधा हलवणार नाही. दोन-चार दिवस सावली करा. पाणी कमी उडावं म्हणून मोठी जुनी पानं आणि फळं काढा, पण शेंडा आणि कोवळी पानं मुळीच तोडू नका. दुरुस्तीचा हुकूम तिथून येतोय. शेंडा पूर्ण तुटून पडला असेल तर टोमॅटोचा शेंडा ओल्या मातीत खोचा, त्याला मुळं फुटतात, आणि खालच्या बुंध्यालाही बगलेतून नवा फुटवा येतो. पट्टी तीन आठवड्यांनी सैल करा. काठी मात्र हंगाम संपेपर्यंत काढू नका. आतलं जुनं लाकूड मोडलेलंच असतं, नव्या लाकडानं त्याला फक्त बाहेरून वेढलेलं असतं, आणि पुढचं मोठं वादळ आलं तर खोड पुन्हा त्याच जागी मोडू शकतं.