अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि साबणाचा हिशेब

गतवर्षीच्या सर्वसाधारण सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी उत्पन्न-खर्च पत्रकातील 'स्वच्छता व निर्जंतुकीकरण' या शीर्षाखालील वाढलेल्या रकमेकडे लक्ष वेधून, "एवढा साबण लागतो तरी कशाला?" असा प्रश्न केला. सभेत हशा पिकला; प्रश्न मात्र रास्त होता. त्याचे उत्तर आमच्या नवजात शिशु कक्षात आहे. आम्ही हिशेबाची माणसे, वैद्यकशास्त्राचे अधिकारी नव्हे. तरी डॉक्टर व परिचारिकांकडून जे समजून घेतले ते येथे मांडीत आहोत.

गर्भाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले मूल ते अपुऱ्या दिवसांचे. रोगजंतूंशी झुंजणारी प्रतिपिंडे आईकडून वारेवाटे बाळास मिळतात आणि त्यांतील मोठा वाटा अखेरच्या तीन महिन्यांत पोचतो. लवकर आलेले बाळ ही शिदोरी पुरती न बांधताच येते. त्याची त्वचा अतिशय पातळ, आतडे कच्चे. त्यात श्वासासाठी नळी आणि सलाईनसाठी सुई. त्याचा जीव राखणारी प्रत्येक वस्तू जंतूंनाही आत शिरण्यास वाट करून देते.

पुष्कळदा संसर्ग जन्माच्याही आधीचा असतो. आईच्या मूत्रमार्गात अथवा गर्भाभोवतीच्या आवरणांत जंतू वाढले की तेथे दाह निर्माण होतो आणि त्यामुळे अकाली कळा सुरू होऊ शकतात. गरोदरपणातील लघवीची साधी तपासणी आमचे डॉक्टर एवढ्या आग्रहाने का करवितात, हे आम्हांलाही तेव्हा उमगले.

दाहाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. जखमेभोवती लाली व सूज येते, तो शरीराने जंतूंशी मांडलेला लढा. अपुऱ्या दिवसांच्या बाळात हा लढा सर्वांगात पसरतो आणि आवरता आवरत नाही. औषधाने जंतू नष्ट झाले तरी दाहाने केलेले नुकसान मागे उरू शकते. याच काळात मेंदूतील तंतूंवर वेष्टन चढण्याची तयारी चालू असते. तेथे इजा झाल्यास मूल पुढे उशिरा चालते, कधी सेरेब्रल पाल्सीने कायमचे जखडले जाते. फुप्फुसांची वाढ खुंटते. आतड्याचा एखादा भाग निर्जीव होऊन शस्त्रक्रियेची पाळी येते. म्हणून 'बाळ वाचले' एवढ्यावर या कक्षातील खाते बंद होत नाही.

शिवाय हा शत्रू गाजावाजा करीत येत नाही. मोठ्या माणसास ताप चढतो. या बाळाचे अंग बहुधा उलट गार पडते. ते दूध ओढेनासे होते, रडणे क्षीण होते, श्वास मध्येच थांबतो. आषाढातील पावसात आंदर मावळातून वा पवन मावळातून बाळाला घेऊन आलेल्या आजीबाई "मोठं गुणाचं आहे हो, रडतच नाही" असे कौतुकाने सांगतात, तेव्हा आमच्या परिचारिकेच्या चेहऱ्यावरचा रंग पालटतो.

लक्षणे वेळीच ओळखली तर काय साधते, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिक्षण दिले. त्या घरोघर जाऊन बाळ तपासीत, वजन करीत आणि जंतुसंसर्गाची चिन्हे दिसताच प्रतिजैविक देत. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेसाठी निवडलेल्या गावांशी पाहता तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरच्या नवजात सेवेचा कार्यक्रम देशभर राबविला जाऊ लागला. मात्र तेथे मुख्य भर भेटी देणे, चिन्हे ओळखणे आणि बाळास रुग्णालयात पाठविणे यांवर आहे.

दुसरा दाखला मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाचा. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये तेथे आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. आईच्या दुधातील संरक्षक घटक कच्च्या आतड्याचा बचाव करतात. वरचे दूध, मध वा घुटी यांनी तो होत नाही. आईच्या छातीशी बाळ उघड्या अंगाने धरण्याच्या कांगारू पद्धतीचेही तसेच. भारतासह पाच देशांतील एका अभ्यासात (२०२१) जन्मतःच ही पद्धत सुरू केलेल्या, १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांतील मृत्यू सुमारे चतुर्थांशाने कमी आढळले.

प्रतिजैविके आहेत, मग साबणाचा एवढा सोस कशाला, असेही कोणी विचारील. दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांतील नवजात शिशूंच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलेले अनेक जंतू एकाहून अधिक औषधांना दाद देत नव्हते. औषध निष्फळ ठरते तेथे न धुतलेला हात फार महाग पडतो.

वॉर्मरसाठी देणगी मिळते, कारण त्यावर नामफलक बसतो. साबण, निर्जंतुक हातमोजे, कोपराने उघडणारा नळ यांवर नाव कोठे कोरणार? ही तक्रार नव्हे. दात्यांचे आमच्यावर ऋणच आहे. तथापि चालू अंदाजपत्रकात या शीर्षाची रक्कम आम्ही कमी केलेली नाही. बाळास पाहण्यास येणाऱ्या आप्तांना कक्षाच्या दाराशीच थांबविण्याचा नियमही तसाच ठेवला आहे. त्यावरून होणारी रागावणी आमच्या कार्यालयाने ऐकून घ्यावी आणि परिचारिकांपर्यंत पोचू देऊ नये, असे ठरले आहे.