मुलाला कुणी विचारले?

दहावीचा निकाल लागला की आमच्या तालुक्याच्या गावी पेढ्यांचा भाव चढतो आणि सल्ल्यांचा उतरतो. पेढा निदान विकत घ्यावा लागतो. सल्ला मात्र चौकातल्या पानवाल्यापासून निवृत्त तहसीलदारांपर्यंत कुणीही फुकट देतो. मी माध्यमिक शाळेतला गणिताचा मास्तर. तेव्हा या फुकट वाटपात माझा हात सर्वांत सढळ असे, हे आधीच कबूल करतो. ऐंशीच्या वर गुण असतील त्याने सायन्स घ्यावे, साठच्या वर असतील त्याने कॉमर्स, आणि उरलेल्यांनी आर्ट्स, हा माझा पाढा तोंडपाठ होता. एका मुलाने तो मोडला. त्याचीच ही हकिकत.

२००९ साली त्याला दहावीला शेकडा ८६ गुण मिळाले. वडील चार एकरांचे शेतकरी. पेढ्यांचा पुडा घेऊन ते माझ्या घरी आले, तेव्हा मुलगा त्यांच्या मागे उभा होता.

"सर, हा म्हणतो आयटीआयला जातो. तुम्हीच काय ते समजावून सांगा."

मी हसलो. "अरे, एवढे गुण मिळवून हातात पाना धरणार?" एवढेच म्हणालो आणि वडिलांना सायन्सचे महत्त्व सांगू लागलो. चहा होईपर्यंत मुलाचे भवितव्य ठरून गेले. त्याने पेढा तेवढा खाल्ला नाही, हे मला पुष्कळ दिवसांनी आठवले.

२०११ साली तो बारावीला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र या दोन्ही विषयांत नापास झाला. ही बातमी मला बाजारात तिसऱ्याच माणसाकडून कळली. त्यानंतर त्याचे वडील समोरून आले की मीच काहीतरी निमित्त काढून दुकानात शिरत असे.

पुढे २०१७ च्या उन्हाळ्यात शाळेच्या बोअरची मोटार जळाली. शिपायाने मोटार भरून देणाऱ्याला बोलावले. टेंपोतून उतरला तो हाच! मला पाहून त्याने नमस्कार केला, मोटार बाहेर काढवली आणि घेऊन गेला. दोन दिवसांनी बिल द्यायच्या निमित्ताने मी त्याच्या दुकानात गेलो. तो दुसऱ्या कुणाची तरी मोटार उघडून जळकी गुंडाळी सोडवीत होता आणि तांब्याच्या तारेचे वेढे मोजीत होता.

"तीन फेजांपैकी एक गेला आणि मोटार तशीच चालू राहिली, सर. सगळा ताण उरलेल्या दोघांवर आला. मग तापते आणि जळते," तो म्हणाला. जी वीज त्याला बारावीच्या पुस्तकात समजली नव्हती, ती त्याच्या बोटांना चांगली कळत होती. आयटीआयत दोन वर्षे इलेक्ट्रिशियनचे काम शिकून, नंतर उमेदवारी करून त्याने हे दुकान टाकले होते.

मी म्हणालो, "माझं चुकलं रे."

हातातले वेढे मोजून होईपर्यंत तो बोलला नाही. मग म्हणाला, "सल्ला कुणाचाही चुकतो, सर. पण तुम्ही सगळं वडिलांशी बोललात. मला काही विचारलंच नाही. नववीत असताना आमच्या विहिरीची मोटार मीच उघडली होती. तेवढं सांगायचं होतं." थोड्या वेळाने तो पुन्हा म्हणाला, "दोन वर्षं गेली त्याचं काही नाही. पण त्या दोन वर्षांत वडील मला ढ समजायला लागले. ते अजून पुरतं गेलेलं नाही."

त्या रात्री मला झोप आली नाही.

वास्तविक हा विषय नवा नाही. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने शाळांतून मार्गदर्शन हवे, असे सांगितले होते. १९५४ साली दिल्लीत त्यासाठी केंद्रीय संस्था निघाली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने तर हे मार्गदर्शन सर्वच मुलांसाठी मानले. आपल्या राज्यात २०१६ साली दहावीच्या मुलांची कलचाचणीही झाली. तिच्या निकालाचे कागद मी वर्गात वाटले आणि मोकळा झालो! कागदाने मुलाचा ओढा दाखवला, पण त्यावर त्याच्याशी बोलायचे काम माझे होते, ते राहूनच गेले.

म्हणून त्याच जूनपासून मी नववीच्या वर्गाचा शनिवारचा शेवटचा तास मागून घेतला. नववीचाच अशासाठी की, दहावीत गेले की घरात टक्क्यांखेरीज दुसरे काही ऐकू येत नाही.

त्या तासाला पहिले काम असे. प्रत्येकाने एखाद्या काम करणाऱ्या माणसाजवळ अर्धा दिवस बसायचे आणि त्याला चार प्रश्न विचारायचे. सकाळपासून जेवणापर्यंत तुम्ही नेमके काय करता? हे कुठे, किती वर्षांत आणि किती खर्चात शिकलात? यातले कंटाळवाणे काय? आणि पुन्हा नववीत गेलात तर वेगळे काय कराल? एका मुलीला सारे घर डॉक्टर करायला निघाले होते. ती सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत बसून आली आणि तिने लिहिले, "डॉक्टरांना दिवसभर बोलावे लागते. रक्त तपासणाऱ्या बाईंना शांतपणे बघायला मिळते. मला बघायला आवडते." आज ती तेच काम करते आणि खुशीत आहे.

दुसरे काम दारांच्या तक्त्याचे. कोणती वाट धरली की कोणते दार उघडते, आणि मुख्य म्हणजे कोणते बंद होते, हे आम्ही फळ्यावर मांडतो. जीवशास्त्र सोडले की डॉक्टरकीचे दार लोटले जाते. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत भूदलासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते. नौदल आणि हवाई दलासाठी मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित लागते. २०२२ पासून तिथे मुलीही जातात. कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला बारावीची कोणतीही शाखा चालते. आणि ज्या पान्याला मी हसलो होतो, त्याची वाट तर पाहा! दहावीनंतर दोन वर्षे आयटीआय केलेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो आणि पदविकेनंतर इंजिनिअरिंगच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. ती वाट कुठे संपत नव्हती. मलाच ती ठाऊक नव्हती.

पैशाचाही हिशेब आम्ही उघडपणे करतो. आठवीत केंद्राची गुणवत्ता शिष्यवृत्ती परीक्षा असते. गरीब घरच्या मुलाची तीत निवड झाली, तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. चौकशी न केल्यामुळे तिला मुकलेली मुले मी पाहिली आहेत.

तिसरे काम पालकांच्या सभेचे. तिथे पहिली पाच मिनिटे फक्त मुलाने बोलायचे. वडिलांनी आणि मी गप्प बसायचे. एक गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, "घरात हा पाच महिन्यांत इतका बोलला नाही." सारेच असे विरघळत नाहीत. "आयटीआयवाल्याला मुलगी कोण देईल?" असे विचारणारे वडीलही भेटतात, आणि त्यांची काळजी खोटी नसते. त्यांना मी मोटारवाल्याच्या दुकानात घेऊन जातो. तिथे त्याची बायको हिशेबाची वही सांभाळते, ते ते स्वतःच पाहतात.

तो मोटारवाला आता दरवर्षी एका शनिवारी आमच्या तासाला येतो. येताना जळकी गुंडाळी घेऊन येतो आणि मुलांपुढे सोडवतो. गेल्या खेपेला मागच्या बाकावर त्याचे वडील येऊन बसले होते. तास संपल्यावर ते मला एवढेच म्हणाले, "वेढे मोजताना बोलत नाही बघा तो."

वाचकहो, या दिवाळीत तुमच्या घरी भाचे, पुतण्या फराळाला येतील. "किती टक्के पडले?" हा प्रश्न एवढी एक दिवाळी बाजूला ठेवा. "हल्ली तू कशात रमतोस?" असे विचारा, आणि लगेच एक चकली स्वतःच्या तोंडात घाला. म्हणजे उत्तर येईपर्यंत आपल्याला मध्ये बोलता येणार नाही.