अमरावती-अकोल्यात ट्राम धावेल का? मार्ग आखण्याआधीचं गणित सोप्या भाषेत

मेट्रोलाइट, मेट्रो निओ, ट्राम... नावं बरीच ऐकू येतात. पण मध्यम आकाराच्या शहरात हलक्या रेल्वेचा मार्ग ठरतो कसा? नाशिकचं काय झालं? आणि आपल्याकडे आधीच असलेल्या रुळांचं काय? वाचा सविस्तर.

मुंबईहून येणारी एक्स्प्रेस बडनेऱ्याला थांबते. तुम्ही बॅग घेऊन बाहेर येता आणि पुढचे आठ-दहा किलोमीटर कसे जायचे, याची बोलणी ऑटोवाल्याशी सुरू होतात. दिवसा शेअर ऑटो मिळतो. रात्री मात्र 'स्पेशल' करावी लागते. इंजिनिअरिंगची चार वर्षं मी हा प्रवास केला आहे. मागे चार, पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना एकेक, असा.

नागपूरची मेट्रो पाहून आलेला प्रत्येक जण म्हणूनच विचारतो, ''आपल्याकडे मेट्रो कवा येईन बाप्पा?'' प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र नकाशावर रंगीत रेघ ओढून मिळत नाही. त्यासाठी आधी एक आकडा काढावा लागतो.

आधी समजून घ्या : मेट्रो, मेट्रोलाइट आणि मेट्रो निओ

मेट्रो : उन्नत किंवा भुयारी मार्ग, मोठ्या गाड्या, मोठी स्थानकं. नागपूर मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचा मंजूर खर्च ८,६८० कोटी रुपये आणि लांबी सुमारे ३८ किलोमीटर होती. म्हणजे किलोमीटरमागे २०० कोटींच्या वर.

मेट्रोलाइट : ही आजची ट्राम. केंद्राने २०१९ मध्ये तिचे तांत्रिक निकष जाहीर केले. साधारण ३०० प्रवाशांची तीन डब्यांची गाडी, शक्यतो रस्त्याच्याच पातळीवर, पण कुंपण घातलेल्या स्वतंत्र पट्ट्यातून. खर्च मेट्रोच्या सुमारे ४० टक्के धरला जातो.

मेट्रो निओ : रूळ नाहीत. रबरी टायरची, वरच्या तारेतून वीज घेणारी लांब बस. तिचे निकष २०२० मध्ये आले.

यातलं काय कुठे शोभतं, हे शहराच्या प्रतिष्ठेवरून ठरत नाही. गर्दीच्या एका तासात, एका दिशेने, सर्वांत भरलेल्या टप्प्यावरून किती प्रवासी जातात, यावरून ते ठरतं. इंजिनिअर लोक या आकड्याला पीएचपीडीटी म्हणतात. केंद्राच्या निकषांनुसार मेट्रो निओ ताशी ८,००० पर्यंतच्या प्रवाशांसाठी आणि मेट्रोलाइट १५,००० पर्यंतच्या प्रवाशांसाठी आहे. त्यापुढे मेट्रोचा विचार.

मग अमरावतीचा आकडा किती येईल?

खरा आकडा सर्वेक्षणातूनच निघतो. घरोघरी विचारणा होते, चौकाचौकांत वाहनं मोजली जातात. पण पद्धत कळावी म्हणून एक ढोबळ गणित करू. खालचे टक्के समजुतीसाठी धरलेले आहेत, ते अधिकृत नाहीत.

२०११ च्या जनगणनेत अमरावती शहराची लोकसंख्या ६ लाख ४७ हजार होती. आज ती ८ लाख धरू. दर माणशी दिवसाला वाहनाची एक फेरी धरली, तर ८ लाख फेऱ्या.

मार्ग निवडला बडनेरा, राजापेठ, राजकमल, जयस्तंभ, इर्विन, पंचवटी. शहराच्या १५ टक्के फेऱ्या या पट्ट्यात होतात असं समजू. झाल्या १ लाख २० हजार.

त्यातल्या ३० टक्के लोकांनी दुचाकी घरी ठेवून गाडी पकडली : ३६ हजार.

त्यातले १० टक्के सकाळच्या गर्दीच्या तासात : ३,६००.

त्यातले ६० टक्के एकाच दिशेला : सुमारे २,१६०.

आणि सर्वांत भरलेल्या टप्प्यावर त्यातले तीन चतुर्थांश : साधारण १,६००.

आता हे १,६०० प्रवासी ६० जणांच्या बसमध्ये बसवा. तासाला २७ बस लागतात, म्हणजे दर सव्वादोन मिनिटांना एक. काम जड आहे, पण बसच्या आवाक्यातलं आहे. आकडा दुप्पट, म्हणजे ३,२०० झाला, तर दर मिनिटाला जवळपास एक बस सोडावी लागेल. मग बसमागे बस अडकायला लागते. तिथे ३०० प्रवाशांची ट्राम दर साडेपाच मिनिटांनी सोडली तरी पुरते. हलक्या रेल्वेचा विचार इथून पुढे गंभीरपणे सुरू होतो.

गणितातली सर्वांत नाजूक पायरी म्हणजे ते ३० टक्के. आपल्याकडे दुचाकी दारात उभी असते. ती सोडून लोक गाडीकडे यायचे, तर थांबा चालत पाच-सात मिनिटांवर हवा आणि गाडी वेळेवर हवी. तीस टक्क्यांऐवजी दहाच टक्के आले, तर १,६०० चे पाचशे-साडेपाचशे होतात आणि ट्राम रिकामी धावते.

रेघ कुठून जावी?

चांगल्या मार्गाची एक साधी खूण असते. त्याच्या दोन्ही टोकांना आणि मध्येही गर्दीची ठिकाणं असतात, त्यामुळे गाडी दिवसभर दोन्ही दिशांना भरते. बडनेरा ते पंचवटी हा पट्टा या कसोटीला उतरतो. एका टोकाला मुंबई-हावडा मार्गावरचं जंक्शन, वाटेत महाविद्यालयं, मध्ये बाजारपेठ आणि इर्विन रुग्णालय.

यापुढे दोन मोह होतील. पहिला, रेघ बेलोरा विमानतळापर्यंत नेण्याचा. या विमानतळाचं उद्घाटन १६ एप्रिल २०२५ ला झालं. पण मोजक्या विमानांच्या प्रवाशांसाठी रूळ टाकणं परवडत नाही, तिथे वेळापत्रकाला जोडलेली बस पुरते. दुसरा मोह नांदगाव पेठ एमआयडीसीचा. तिथले कामगार पाळीच्या वेळेला एकदम निघतात आणि मधले तास मार्ग रिकामा राहतो. अशा ठिकाणीही आधी बस चालवून पाहणं शहाणपणाचं.

शिवाय जागेचा प्रश्न आहेच. मेट्रोलाइटच्या दोन रुळांना रस्त्यातली साधारण सात-आठ मीटर रुंदी लागते. बडनेरा रोडवर ती शोधता येईल. राजकमल ते जयस्तंभ या भागात दुकानं, पार्किंग आणि हातगाड्या यांच्यामधून ती काढणं म्हणजे कुणाची तरी जागा घेणं. मार्ग खांबांवर उचलला, तर खर्च मेट्रोच्या दिशेने चढतो आणि वयस्कर प्रवाशाला जिने येतात.

नाशिकचं काय झालं?

आपल्या राज्यातलं सर्वांत जवळचं उदाहरण नाशिक आहे. २०११ मध्येच लोकसंख्या १४ लाख ८६ हजार, म्हणजे अमरावतीच्या दुपटीहून अधिक. राज्य सरकारने २०१९ मध्ये तिथल्या मेट्रो निओला मंजुरी दिली. गंगापूर ते नाशिक रोड आणि गंगापूर ते मुंबई नाका अशा दोन मार्गिका, मिळून ३० किलोमीटरहून थोड्या जास्त. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्यासाठी २,०९२ कोटी रुपयांचा उल्लेख झाला. देशात पहिलाच प्रयोग म्हणून कौतुकही झालं. त्यानंतर काम वर्षानुवर्षं कागदावरच रखडलं.

धडा सरळ आहे. राज्याची मंजुरी आणि अर्थसंकल्पातली ओळ यांनी गाडी धावत नाही. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणानुसार शहराचा सर्वंकष वाहतूक आराखडा लागतो, पर्यायांची तुलना लागते, म्हणजे 'बसने हेच काम होणार नाही' हे सिद्ध करावं लागतं. प्रकल्पातून समाजाला होणाऱ्या फायद्याचा परतावा किमान १४ टक्के दाखवावा लागतो. वाचलेला वेळ, इंधन आणि टळलेले अपघात हे सगळं त्यात पैशात मोजतात. नाशिकच्या निम्म्याहून लहान शहराला ही परीक्षा आणखी अवघड जाणार.

गंमत म्हणजे नाशिकला एकेकाळी ट्राम होती. १८८९ मध्ये सुरू झालेली, घोड्यांनी ओढलेली. कशासाठी? रेल्वे स्थानक नाशिक रोडला आणि गाव आठ-दहा किलोमीटर दूर, म्हणून. दुखणं आपल्या बडनेऱ्यासारखंच.

आपल्याकडे रूळ आधीच आहेत, त्यांचं काय?

मुंबई-नागपूर मुख्य मार्ग बडनेऱ्यावरून गेला आणि अमरावती बाजूला राहिली. कापसाची बाजारपेठ जोडण्यासाठी १८७० च्या सुमारास बडनेरा ते अमरावती फाटा टाकला गेला. तो आजही आहे आणि थेट शहराच्या पोटात येतो. राजकमल आणि इर्विन चौक अमरावती स्थानकाच्या हाकेच्या अंतरावर आहेत. ज्या मार्गावर ट्राम हवी असं आपण म्हणतो, त्याच्या मोठ्या भागाला समांतर हा फाटा आहे.

अडचण अशी, की तो लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी वापरला जातो. राजापेठ भागातून रूळ जातात, पण तिथे उतरता येत नाही. या फाट्यावर मध्ये दोन-तीन साधे थांबे आणि ठरावीक अंतराने धावणारी मेमू, एवढं झालं तरी शहराला हलक्या रेल्वेचा निम्मा फायदा मिळेल. मार्ग एकेरी आहे, त्यामुळे गाड्या एकमेकींना ओलांडायला जागा करावी लागेल. तरी नव्या मार्गाच्या तुलनेत हा खर्च किरकोळ.

जर्मनीतल्या कार्ल्सरुह या शहराने हेच केलं. लोकसंख्या साधारण तीन लाख, म्हणजे अकोल्याहून लहान. मुख्य स्थानक बाजारपेठेपासून दूर, त्यामुळे गावाकडून येणाऱ्यांना तिथे उतरून ट्राम पकडावी लागे. १९९२ मध्ये त्यांनी दोन प्रकारच्या विजेवर चालणारी ट्राम बनवली. ती रेल्वेच्या रुळांवरून येते आणि शहरात रस्त्यावरच्या रुळांवर शिरते. गाडी बदलणं संपलं आणि त्या मार्गावरचे प्रवासी काही पटींनी वाढले.

आपल्याकडे हे जसंच्या तसं होणार नाही. भारतीय रेल्वे ब्रॉडगेजवर चालते, मेट्रोलाइटचे रूळ त्याहून अरुंद असतात आणि परवानगी देणारी खातीही वेगळी. पण आहे तो रूळ आधी वापरा, हा विचार घेता येतो. नागपूरहून वर्धा, नरखेड, रामटेक आणि भंडाऱ्याकडे रेल्वेच्याच मार्गावर ब्रॉडगेज मेट्रो चालवण्याची कल्पना महामेट्रोने याच विचारातून मांडली होती.

अकोल्याचं गणित वेगळं का?

अकोल्याला 'बडनेरा' नाही. जंक्शन शहरातच आहे. स्थानक, टॉवर चौक, अशोक वाटिका, नेहरू पार्क हे सगळं काही किलोमीटरांत येतं. २०११ ची लोकसंख्या ४ लाख २५ हजार होती, २०१६ च्या हद्दवाढीनंतर शहर पसरलं. अंतर कमी असलं, की माणूस थांब्यावर वाट पाहण्यापेक्षा दुचाकीला किक मारतो. त्यामुळे अकोल्यात ट्रामचा आकडा अमरावतीपेक्षाही खाली येईल. मोर्णेच्या दोन्ही काठांना जोडणारी, दर दहा मिनिटांनी नेमाने येणारी बस ही तिथली पहिली गरज.

रेल्वेचा उपयोग अकोल्याला शहराबाहेरून येणाऱ्यांसाठी जास्त. अकोट मार्ग ब्रॉडगेज झाला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यावर गाडी पुन्हा सुरू झाली. मूर्तिजापूर तर मुख्य मार्गावरच आहे. कॉलेज आणि ऑफिसच्या वेळेला जुळणाऱ्या गाड्या मिळाल्या, तर रोजच्या हजारो दुचाकी महामार्गावरून कमी होतील.

मग ट्राम विसरायची का?

नाही. पण क्रम उलटा करू नका.

पहिली पायरी बस. केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेच्या लोकसंख्येच्या निकषात दोन्ही शहरं बसतात. १५ किलोमीटर मेट्रोलाइटला, नागपूरच्या दराच्या ४० टक्के धरले, तर १,३०० कोटींच्या पुढे लागतील. एक ई-बस दीड कोटीची धरली, तर १०० बस १५० कोटींत येतात. त्या शहराच्या एका नव्हे, दहा मार्गांवर धावतात. आणि कुठल्या मार्गावर खरोखर गर्दी आहे, हे तिकिटांच्या नोंदीवरून आपोआप कळतं.

दुसरी पायरी जागा. विकास आराखड्यात बडनेरा रोडच्या मधला पट्टा आजच राखून ठेवायला पैसे लागत नाहीत. दहा वर्षांनी तिथे इमारती उभ्या राहिल्यावर भूसंपादनाला लागतात.

तिसरी पायरी रूळ, तेही आकडा सिद्ध झाल्यावर. रूळ टाकले म्हणजे गाडी धावतच राहते, असं नसतं. हे वऱ्हाडाला कुणी सांगायला नको. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी शकुंतला कापसासाठीच सुरू झाली होती. तिचे रूळ आहेत, स्थानकं आहेत, आठवणी आहेत. गाडी नाही.

प्रस्ताव आला, तर हे चार प्रश्न विचारा

१. गर्दीच्या तासाचा, एका दिशेचा आकडा किती आणि तो कधीच्या सर्वेक्षणातून काढला? २०११ च्या लोकसंख्येवर केलेला हिशेब चालणार नाही. नवी जनगणना २०२७ मध्ये होते आहे.

२. हेच काम बसने किंवा बडनेरा फाट्यावरच्या मेमूने का होत नाही?

३. बांधकामाचे पैसे केंद्र-राज्य देतील. रोज गाडी चालवण्याचा तोटा कोण भरणार, महापालिका?

४. स्थानकापासून माझ्या घरापर्यंत मी कसा जाणार?

चौथा प्रश्न साधा वाटतो. पण गाडी भरेल की रिकामी धावेल, ते त्याच्या उत्तरावर ठरतं. बडनेऱ्याला रात्री उतरलेल्या प्रवाशाला मेट्रो आहे की ट्राम, याने फरक पडत नाही. त्याला स्थानकाबाहेर, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या भाड्यात घराकडे नेणारं काहीतरी उभं हवं आहे. त्याची सुरुवात एका बसनेही होऊ शकते.