घरच्या सीएनसी यंत्राला मोटर आणि ड्राइव्ह कोणता घ्यावा?



आपल्या सभासदांची मुले आयटीआय करतात, वाळूज नाही तर चाकणच्या कंपनीत चार-पाच वर्षे काढतात आणि गावी परत येऊन फॅब्रिकेशनचे दुकान टाकतात. जालन्यात लोखंडाच्या भट्ट्या आणि रोलिंग मिल असल्याने अँगल-चॅनलला तोटा नाही. मग त्यांतल्या एखाद्याच्या मनात येते की आपणच सीएनसी यंत्र जोडावे, दाराच्या फळीवर नक्षी कोरावी, गेटचा पत्रा कापावा. हौस चांगली आहे. परंतु सांगाडा घरी वेल्ड करता येतो, मोटर आणि तिचा ड्राइव्ह मात्र विकतच आणावा लागतो, आणि तो पैसा बहुतेक घरांत वडिलांच्या उसाच्या बिलातून जातो. म्हणून या अंकात त्याविषयी लिहिण्याचे आम्ही योजले आहे.

प्रथम एक गैरसमज काढून टाकू. कारखान्यात साखर आणि मळी वेगळी करणाऱ्या सेंट्रिफ्युगलच्या मोटरला व्हीएफडी लावतात. तोच इथे लावला तर चालणार नाही का, असे आम्हांला विचारले जाते. नाही चालणार. व्हीएफडी मोटरचा वेग कमी-जास्त करतो. सीएनसीला हवी असते जागा : इतके मिलिमीटर पुढे जा आणि तिथेच थांब. व्हीएफडी कोरणाऱ्या स्पिंडलला लावावा, सरकत्या अक्षाला नव्हे.

अक्षासाठी स्वस्तात मिळते ती स्टेपर मोटर. तिच्या एका फेऱ्याची साधारण २०० पावले असतात, आणि ड्राइव्ह सांगेल तितकी पावले ती टाकते. म्हणजे टाकली असे आपण धरून चालतो. मुकादमाने ‘शंभर मोळ्या टाका’ म्हणून हुकूम सोडावा आणि मोजायला कोणी जाऊच नये, तसा हा कारभार. कटर अडकला, दोन-चार पावले हुकली, तरी यंत्र आपले पुढे चालूच. एका दुकानात आम्ही असे दार पाहिले. अर्धी नक्षी सरळ आणि उरलेली अर्धी बोटभर बाजूला सरकलेली! सागवानाची फळी वाया गेली आणि गिऱ्हाईकही गेले.

सर्व्होमध्ये मोजणारा माणूस असतो, त्याला एन्कोडर म्हणतात. तो मोटरच्या मागे बसून ती खरोखर किती फिरली हे ड्राइव्हला सतत सांगतो. कमी पडले तर ड्राइव्ह जोर वाढवतो, अगदीच जमेना तर अलार्म देऊन थांबतो. हा अलार्म कंट्रोलरच्या थांबण्याच्या इनपुटला जोडलाच पाहिजे. नाही तर एक अक्ष थांबतो, दुसरा चालत राहतो आणि पैसे सर्व्होचे मोजूनही नुकसान स्टेपरचेच होते.

आता जोराचा हिशेब. कॅटलॉगात स्टेपरपुढे २.२ न्यूटन मीटर टॉर्क लिहिलेला दिसतो आणि तिच्याहून महाग ४०० वॅटच्या एसी सर्व्होपुढे १.२७. पोरांना वाटते, महाग वस्तूत जोर कमी, दुकानदार फसवतोय. तसे नाही. स्टेपरचा आकडा ती उभी असतानाचा असतो. वेग वाढला की तो झपाट्याने उतरतो, आणि हजार फेऱ्यांच्या आसपास त्यातला थोडाच शिल्लक राहतो. सर्व्होचा आकडा मिनिटाला ३००० फेऱ्यांवरचा, तोही सतत देण्याचा. क्षणभर तर ती त्याच्या सुमारे तिप्पट जोर देते.

हा १.२७ टॉर्क एका फेऱ्याला ५ मिलिमीटर सरकणाऱ्या बॉलस्क्रूला दिला, तर घर्षण वजा जाता सुमारे १४५ किलोचा रेटा मिळतो. घरगुती राउटरला तो भरपूर झाला. तीच मोटर २५ मिलिमीटर व्यासाच्या पिनियनला थेट लावून रॅकवर चालवली, तर रेटा जेमतेम १० किलो! वेग मात्र कामाला येणार नाही इतका. पट्ट्याने पाचास एक अशी गती उतरवली की रेटा ५० किलोवर जातो. भरलेली ट्रॉली चढावर ट्रॅक्टरच्या कोणत्या गिअरमध्ये ओढतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे निराळे समजावण्याची गरज नाही. मोटर मोठी घेण्याआधी गती उतरवून पाहावी. पैसा तिथे वाचतो.

दुसरी खोच कंट्रोलरची. अर्डुइनो ऊनोवरचा ग्रबल सेकंदाला सुमारे ३०,००० पल्स देतो. सर्व्होला एका फेऱ्यासाठी १०,००० पल्स ठरवले, तर सेकंदाला तीनच फेरे होतील आणि ५ मिलिमीटरच्या स्क्रूवर यंत्र मिनिटाला ९०० मिलिमीटर चालेल. मग ‘सर्व्हो घेऊनही यंत्र रांगतंय’ अशी तक्रार येते. ड्राइव्हमध्ये इलेक्ट्रॉनिक गिअर नावाची सोय असते. तिथे २,००० पल्स ठेवले की वेग ४,५०० वर जातो, आणि तरीही एका पल्सला अडीच मायक्रॉनच सरकते. लाकडाला याहून बारीक करायचे तरी काय?

या दोहोंच्या मधला एक पर्याय आहे. स्टेपर मोटरलाच मागे एन्कोडर बसवलेली क्लोज्ड-लूप स्टेपर. वेगात जोर उतरण्याचा तिचा दोष जात नाही, पण ती गुपचूप चुकत नाही, आणि किंमत एसी सर्व्होहून कमी. प्लाझ्माने पत्रा कापताना कटरचा रेटा नसतोच, लाकूडही फार अडवत नाही. तेव्हा अशा कामांना आम्ही हीच घ्या म्हणू. लोखंड किंवा ॲल्युमिनियम मिल करायचे असेल, दिवसभर वेगात काम काढायचे असेल, तर एसी सर्व्हो.

विजेबाबत जपावे. ४०० आणि ७५० वॅटचे ड्राइव्ह बहुधा सिंगल फेज २२० व्होल्टवर चालतात. त्याहून मोठ्यांना पुष्कळदा थ्री फेज लागते, पण तीही २२० व्होल्टची, आणि आपल्याकडची थ्री फेज ४१५ व्होल्टची असते. पाटी न वाचता तार जोडली की ड्राइव्ह जळालाच म्हणून समजा. उभ्या अक्षावर डोके जड असेल तर ब्रेकची मोटर घ्यावी. वीज गेल्याबरोबर बॉलस्क्रूवरून डोके खाली घसरते आणि कटर कामात रुततो. प्लाझ्माशेजारी तर अर्थिंग स्वतंत्र आणि एन्कोडरची केबल जाळीदार वेष्टणाची हवी.

जुना माल घेण्याचा मोह होतो. आपल्याकडे भट्ट्यांसाठी भंगार येते, त्यात कधी चांगल्या कंपनीची सर्व्हो मोटर सापडते आणि किलोच्या भावात मिळते. परंतु एका कंपनीच्या मोटरचा एन्कोडर दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हला सहसा समजत नाही. मोटर, ड्राइव्ह आणि दोन्ही केबली अशी जोडी एकत्र, चालवून दाखवली तरच पैसे मोजावेत. नव्या मालातही केबलींची किंमत वेगळी लावतात, ती आधी विचारावी. ड्राइव्हच्या इनपुटला ५ व्होल्ट चालतात की २४, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे. आणि एकदा यंत्र नीट चालू झाले की ड्राइव्हमधले सगळे आकडे वहीत उतरवून ती वही पॅनेलच्या दारात ठेवावी. ड्राइव्ह बदलायची वेळ आली, तर तेच आकडे नव्यात भरावे लागतात.