‘सुलभीकरण’ म्हणजे नेमकं काय?

एकच कल्पना, पण तारनाक्याच्या चौकात ती निदान तीन शब्दांनी बोलली जाते. मराठी माणूस म्हणतो ‘सोपं’. हिंदी किंवा दखनी बोलणारा म्हणतो ‘आसान’. तेलुगू बोलणारा मित्र अगदी सहज म्हणतो ‘सुलभम्’. गंमत अशी की तेलुगूतला हा रोजच्या बोलण्यातला शब्द मराठीत मात्र जरा कोट-टोपी घालून येतो. “पेपर सुलभ होता” असं आपल्यापैकी कोणी म्हणत नाही, “पेपर सोपा होता” असंच म्हणतो. ‘सरल’चंही तसंच. हिंदीत ‘सरल’ म्हणजे सोपं. मराठीत ‘सरळ’ म्हणजे वाकडं नसलेलं: सरळ रस्ता, सरळ माणूस. आणि तेलुगू वर्तमानपत्रात ‘सरळीकरण’ दिसलं तर ती बातमी बहुधा अर्थव्यवस्थेची असते, कारण ज्याला आपण ‘उदारीकरण’ म्हणतो त्याला तिथे हा शब्द आहे.

म्हणजे हैदराबादेत राहून मराठी लिहिणाऱ्याला हे शब्द जपून वापरावे लागतात. ओळखीचे वाटतात, पण प्रत्येक भाषेत त्यांचं घर वेगळं आहे. त्यातला ‘सुलभीकरण’ हा शब्द आज नीट उलगडून बघू.

सुरुवात ‘सुलभ’पासून. संस्कृत ‘लभ्’ धातूचा अर्थ मिळणं, मिळवणं. ‘लाभ’ त्यातूनच आला. ‘सु’ म्हणजे इथे ‘सहज’. तेव्हा सुलभ म्हणजे जे सहज मिळतं ते, आणि उलट अर्थी ‘दुर्लभ’ म्हणजे जे सहजी मिळत नाही ते. ‘कठीण नसलेलं’ हा अर्थ नंतरचा. मूळ अर्थ हाताशी येण्याचा आहे.

दुकानावरची पाटी आठवा: ‘सुलभ हप्त्यांत मिळेल’. हप्त्यांमुळे फ्रिजची किंमत कमी होत नाही, व्याज धरलं तर उलट वाढते. पण एकरकमी पैसे नसलेल्याच्या तो आवाक्यात येतो. ‘सुलभ शौचालय’ हे नाव तर देशभर माहीत आहे. बिंदेश्वर पाठक यांनी 1970 मध्ये बिहारमध्ये ही चळवळ सुरू केली. तिथेही ‘सुलभ’चा अर्थ ‘सोपं’ नाही. ज्याला मिळत नव्हतं त्याला मिळावं, हा आहे.

‘सु’चं कुटुंब मोठं आहे आणि त्यातला प्रत्येक जण वेगळं काम करतो. सुगम म्हणजे जिथे जाणं सोपं. सुबोध म्हणजे कळायला सोपं. सुकर म्हणजे करायला सोपं. सुवाच्य म्हणजे वाचता येईल असं. यांची उलट रूपं आपण जास्त वापरतो: दुर्गम गाव, दुर्बोध कविता. आता प्रश्न असा की एखादी गोष्ट अवघड आहे म्हणजे नक्की काय अवघड आहे? ती मिळत नाही, तिथवर जाता येत नाही, कळत नाही, की करता येत नाही? सरकारी योजनेचा अर्ज गावात मिळतच नसेल तर त्याची भाषा सुबोध करून उपयोग नाही. अर्ज हातात आहे पण कळत नाही, तर तो घरपोच आणून दिला तरी उपयोग नाही. ‘सोपं करा’ या एका वाक्यात हे सगळे फरक बुडून जातात. ‘सु’चे शब्द ते पुन्हा वर काढतात.

आता ‘सुलभीकरण’मधली ती मधली ‘ई’. ‘सुलभ’ आणि ‘करण’ यांच्या मध्ये ती कुठून आली? संस्कृत व्याकरणात याला ‘च्वि’ प्रत्यय म्हणतात. जे आधी तसं नव्हतं ते तसं करणं किंवा होणं, हा त्याचा अर्थ. म्हणून ही ‘ई’ दीर्घच लिहायची, ‘सुलभिकरण’ नाही. रस्ता अरुंद होता, रुंद केला: रुंदीकरण. (मराठीने पुढे ही ‘ई’ सढळ हाताने वापरली. लसीकरणात माणसाची लस होत नाही, हे आपण सगळे समजून घेतो.) पण मूळ अर्थ लक्षात ठेवण्यासारखा आहे. सुलभीकरण म्हणताना आपण कबूल करत असतो की ही गोष्ट आजवर कोणाच्या तरी हाताशी नव्हती. साहजिकच पुढचा प्रश्न येतो: कोणाच्या?

हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे ते तारनाक्याला लागून असलेल्या उस्मानिया विद्यापीठाच्या इतिहासात दिसतं. 1918 मध्ये ते सुरू झालं तेव्हा उच्च शिक्षणाचं माध्यम इंग्रजी न ठेवता उर्दू ठेवलं होतं. त्यासाठी स्वतंत्र भाषांतर विभाग उभारला आणि विज्ञान, कायदा, इतिहास या विषयांची पुस्तकं उर्दूत आणली. देशी भाषेतून विद्यापीठाचं शिक्षण, हे फार मोठं पाऊल होतं. उर्दू जाणणाऱ्यासाठी ज्ञान खरंच सुलभ झालं. पण निजामाच्या राज्यात मराठी, तेलुगू आणि कानडी बोलणारे लोक बहुसंख्य होते. औरंगाबाद-नांदेडकडून आलेल्या मराठी मुलाला इंग्रजीऐवजी उर्दूची पायरी चढावी लागली. एकाचं सुलभीकरण दुसऱ्यासाठी नवी पायरी ठरू शकतं.

सुलभीकरणाचा जवळचा भाऊ ‘सरलीकरण’. तो गणितात राहतो. 12/18 या अपूर्णांकाला संक्षिप्त रूप दिलं की 2/3 मिळतं. आकडे लहान झाले, पण किंमत तीच राहिली. ती बदलली तर गुरुजी त्याला सरलीकरण म्हणत नाहीत, चूक म्हणतात. भाषेलाही हीच कसोटी लावता येते. धडा सोपा करून सांगितला, पण त्यातलं म्हणणंच गळालं, तर ते सुलभीकरण नव्हे, ती कपात आहे. मराठीत त्याला ‘अतिसुलभीकरण’ असाही शब्द आहे, आणि तो कौतुकाने कोणी वापरत नाही.

चांगलं उदाहरण शोधायला लांब जायला नको. राष्ट्रीय पोषण संस्था तारनाक्यातच आहे. 1918 मध्ये कुन्नूरला सुरू झालेलं हे काम 1958 मध्ये हैदराबादला आलं. कोणत्या धान्यात किती प्रथिनं, कोणत्या भाजीत किती लोह, याचे जाडजूड तक्ते ही या संस्थेची ओळख. पण स्वयंपाकघरात तक्ता घेऊन कोण उभं राहतं? म्हणून संस्थेने दिवसभराच्या आहाराचं एक ताट आखून दाखवलं: अर्धं ताट भाज्या, फळं आणि कंदांचं, उरलेल्या अर्ध्यात धान्यं, डाळी, दूध, अंडी-मांस, तेलबिया वगैरे. मीठ दिवसाला पाच ग्रॅमपर्यंत, म्हणजे चहाच्या चमच्याहून थोडं कमीच. तक्त्यामागचं शास्त्र तेच राहिलं, फक्त ग्रॅमचं ताट आणि चमचा झाला. ज्याला वजनकाटा परवडत नाही त्याच्याही हाताशी ते आलं.

सुलभीकरण म्हणजे कमी कष्टाचं काम, असा आणखी एक समज असतो. पंडिता रमाबाईंचं काम पाहिलं की तो जातो. संस्कृतवर एवढं प्रभुत्व की कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. त्याच रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करायला घेतलं. आधीच्या भाषांतरांची भाषा संस्कृतप्रचुर होती. मिशनमधल्या, नुकतंच वाचायला शिकलेल्या बायकांना ती कळणं कठीण होतं. रमाबाईंनी काय केलं? मजकूर छाटला नाही. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं आणि तिथून थेट साध्या मराठीत आल्या. आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं या कामात गेली. 1922 मध्ये त्या वारल्या, आणि संपूर्ण भाषांतर 1924 मध्ये प्रसिद्ध झालं. जड शब्द त्यांना येत नव्हते म्हणून टाळले असं कोण म्हणेल? वाचणारीला सोपं जावं म्हणून लिहिणारीने अवघड वाट धरली.

रोजच्या वापरासाठी थोडक्यात सांगायचं तर असं. बोलताना ‘सोपं करणं’ पुरेसं आहे. तिथे ‘सुलभीकरण’ आणलं तर वाक्य उगीच सरकारी होतं. (आणि ‘सोपवणं’ म्हणजे सोपं करणं नव्हे, ते एखाद्याच्या हवाली करणं.) प्रक्रिया, नियम, अर्ज, सेवा यांबद्दल लिहिताना ‘सुलभीकरण’ शोभतं. अपूर्णांक, समीकरण यांसाठी ‘सरलीकरण’. पुस्तक किंवा लेख कळायला सोपा असेल तर ‘सुबोध’.

आपल्या मंडळासाठी हा नुसता शब्दांचा खेळ नाही. इथे मराठी घेणाऱ्यांत घरी मराठी बोलणारे पण वाचताना अडखळणारे खूप जण आहेत. त्यांच्यासाठी ‘सोपं’ करायचं म्हणून आपण चटकन एक गोष्ट करतो: कविता बाजूला ठेवतो आणि तिचा चार ओळींचा सारांश हातात देतो. परीक्षा निभावते, पण कविता हाताशी येत नाही. ती दुर्लभ होती, दुर्लभच राहते. त्याऐवजी अडलेल्या शब्दांचे अर्थ द्या, दोनदा मोठ्याने वाचून दाखवा, तेलुगूतला जवळचा शब्द सांगा, आणि कविता मात्र पूर्ण ठेवा. वेळ जास्त लागेल. पण 12/18 चे 2/3 करताना किंमत सांभाळतो ना आपण? मग कवितेच्या बाबतीत ती का सोडायची?