कापूस, कापूर आणि मोती

जिनिंगमध्ये रुई निघून गेली तरी सरकीच्या अंगावर बारीक लव उरते. सूत कातायला ती आखूड पडते, म्हणून कास्तकाराच्या हिशेबात तिला भाव नाही. रसायनवाल्यांना मात्र ती फार आवडते, कारण ती जवळजवळ निव्वळ सेल्युलोज असते. नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणात ती मुरवली की नायट्रोसेल्युलोज तयार होते. १८४६ मध्ये शोनबाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला याचा शोध लागला, तेव्हा त्यातून निघाली ती बंदुकीची दारू. पुढे आम्लाचा जोर कमी ठेवून, त्यात कापूर मळून अमेरिकेत जॉन हायटने १८७० च्या सुमारास सेल्युलॉइड बनवले. बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंताला पर्याय शोधण्याची ती खटपट होती. त्यातून कंगवे आले, बाहुल्या आल्या, चष्म्यांच्या फ्रेमा आल्या, टेबल टेनिसचे चेंडू आले, सिनेमाची फिल्म आली. आणि विसाव्या शतकातल्या कितीतरी नामांकित ड्रमसेटांच्या अंगावरची ती मोत्यासारखी झळाळीही याच घाण्यातून आली.

धामणगावात बसून हे लिहायला जरा गंमत वाटते. गाव कापसाचे आणि रेल्वेचे. धामणगाव बढे वेगळे, धामणगाव गढी वेगळे. आमच्या गावाच्या नावातच रेल्वे आहे. जीआयपी रेल्वेचा रूळ १८६७ मध्ये नागपूरला पोचला आणि वऱ्हाडातल्या पऱ्हाटीचे सोने गाठी बांधून मुंबईकडे जाऊ लागले. इथल्या सरकीची लव शिकागोच्या ड्रम कारखान्यात गेली, असा दावा मी करणार नाही. पण ज्या पिकावर हा मुलूख दीडशे वर्षे जगला, त्याच्या टाकाऊ लवेपासून जाझ आणि रॉकचा पोशाख शिवला गेला, हे इथल्या माणसाला ठाऊक असायला हरकत नाही.

ड्रमला पोशाख लागतोच कशाला, असे कोणी विचारेल. तबल्याच्या खोडाला कोणी चमकी लावत नाही. त्याचे उत्तर थोडे सुतारकामात आहे आणि बरेचसे रंगमंचावर. ड्रमचे खोड म्हणजे वाकवून चिकटवलेले पातळ लाकडी थर. मॅपल, पॉप्लर, महोगनी, जे हाताशी असेल ते. सांधा दिसतो, गाठी दिसतात. उत्तम लाकूड निवडून, घासून, पॉलिश करण्यापेक्षा साध्या लाकडावर सेल्युलॉइडची शीट गुंडाळणे कारखान्याला परवडते. शीट ओरखड्यांना दाद देत नाही, घामाने खराब होत नाही. आवाजात तिने फारसा फरक पडत नाही. पडतो म्हणणारे पुष्कळ आहेत, पण डोळे बांधून ओळखून दाखवणारा अजून माझ्या ऐकण्यात नाही.

रंगमंचाचे कारण जास्त महत्त्वाचे. १९०९ मध्ये शिकागोच्या लुडविग बंधूंनी बेस ड्रमचे जलद चालणारे पेडल विकायला काढले आणि जे काम पूर्वी दोघे-तिघे करत ते एका बसलेल्या माणसाकडे आले. हा माणूस सगळ्यांच्या मागे बसतो. पुढे गायिका, तिच्या बाजूला ट्रम्पेट, सॅक्सोफोन. मागच्याचे फक्त हात हलताना दिसतात. त्याला प्रेक्षकांपर्यंत पोचायचे तर त्याच्या पुढ्यातल्या मोठ्या गोल पृष्ठभागानेच पोचवायला हवे. विसाच्या दशकात बेस ड्रमच्या कातड्यावर तळी, डोंगर, सूर्यास्त रंगवत आणि आत विजेचा दिवा लावत. दिव्याने चित्र उजळे आणि कातडे कोरडेही राही. आपल्याकडे डफडेवाला वाजवण्याआधी कडब्याचा जाळ करून डफडे शेकतो, त्यातली गरज हीच. गोऱ्यांनी त्या गरजेचा देखावा केला एवढेच.

त्याच दशकात मोटारींसाठी ड्यूको नावाचा रंग निघाला. तोही नायट्रोसेल्युलोजचाच, पण पातळ, फवारायचा. जुने तेलरंग वाळायला दिवसचे दिवस लागत, हा काही तासांत वाळे. मोटारीबरोबर ड्रमही त्या फवाऱ्याखाली आले. मधोमध रुपेरी पट्टा आणि कडांना निळा किंवा काळा विरत गेलेला, असे ते दुरंगी ड्रम फोटोत आजही देखणे दिसतात. स्वस्तही होते. पण खरी बाजी मारली मोत्याने.

मोत्याची ही शीट कशी होते ते पाहण्यासारखे आहे. माशांच्या खवल्यांतून ग्वानीन नावाचे चकचकीत स्फटिक काढतात. ते पातळ केलेल्या सेल्युलॉइडमध्ये घोळले की रुपेरी लाटा उठतात. वेगवेगळ्या छटांचे तुकडे एकत्र घोळवून, दाबून, त्याचा घट्ट ठोकळा करायचा आणि मग त्यातून पातळ पापुद्रे कापायचे. घोळताना पडलेला वळसा प्रत्येक पापुद्र्यात निराळा उतरतो, म्हणून दोन ड्रम हुबेहूब सारखे नसतात. ॲकॉर्डियनवरही हीच शीट चढवत. ‘संगम’मध्ये राज कपूरने गळ्यात अडकवलेला ॲकॉर्डियन आठवला की ही चमक कशी असते ते सांगावे लागत नाही.

पांढऱ्या मोत्याचे नाव झाले ते जीन क्रुपामुळे. बेनी गुडमनच्या बँडमधला हा देखणा, घामाघूम, केस कपाळावर आलेला ड्रमर १९३६ पासून स्लिंगरलँड कंपनीचे ड्रम वाजवू लागला. कंपनीच्या भाषेत त्या फिनिशचे नाव ‘व्हाइट मरीन पर्ल’. १६ जानेवारी १९३८ रोजी हा बँड न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजला. शास्त्रीय संगीताच्या त्या देवळात जाझने पाऊल टाकले ही त्या रात्रीची मोठी गोष्ट. पण मागे बसणारा ड्रमर नायक होऊ शकतो, हे लोकांना पटवण्यात क्रुपाचा आणि त्याच्या पांढऱ्या ड्रमांचा मोठा वाटा. तेव्हाचे फोटो काळे-पांढरे, सिनेमे काळे-पांढरे. त्या करड्या जगात काळ्या सुटांच्या गर्दीत उजेड पकडणारी एकच वस्तू होती आणि तिच्यावर ‘जीके’ ही अक्षरे रंगवलेली होती. पंधरा वर्षांच्या पोरांना दुकानात जाऊन काय मागायचे ते बरोबर कळले.

महायुद्धात अमेरिकी सरकारने वाद्यांत धातू वापरण्यावर बंधन घातले, तेव्हा ड्रमच्या कड्या आणि पकडीसुद्धा लाकडाच्या झाल्या. मोत्याची शीट मात्र चालू राहिली. पन्नासच्या दशकात ग्रेच कंपनीने कॅडिलॅक मोटारीचा हिरवा रंग आणि सोनेरी कड्या अशी जोडी काढली. शाही, आणि माझ्या मते थोडी भडक. मग चमकीचे युग आले, शीटमध्ये रंगीत कण अडकवलेले. शॅम्पेन, निळा, लाल, हिरवा.

आणि मग १९६३. लंडनच्या शाफ्ट्सबरी ॲव्हेन्यूवर ड्रम सिटी नावाचे दुकान होते, मालक आयव्हर आर्बिटर. बीटल्सचा रिंगो स्टार आपला तपकिरी प्रीमियर सेट बदलायला तिथे गेला. त्याला आवडला तो काळ्या-करड्या वळशांचा नमुना, ‘ब्लॅक ऑयस्टर पर्ल’. तो फिनिश लुडविगकडे होता, म्हणून सेट लुडविगचा. आधी रंग, मग कंपनी. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध ड्रमसेटची निवड ही अशी झाली आणि वाद्यशास्त्राच्या पंडितांना ती अजून पचलेली नाही. आर्बिटरने जुना सेट बदल्यात घेतला, कातड्यावर लुडविगचे नाव राहील असे पाहिले आणि तिथल्या तिथे कागदावर बीटल्सची अक्षरे काढून दिली. त्यातला ‘टी’ खाली लांबवलेला, तो आजतागायत तसाच आहे. ९ फेब्रुवारी १९६४ ला एड सलिव्हनच्या कार्यक्रमात हा बँड अमेरिकेत दिसला, तेव्हा सुमारे ७ कोटी ३० लाख लोक दूरदर्शनसंचासमोर होते. रिंगोचा सेट उंच चौथऱ्यावर, सगळ्यांच्या डोक्यावर. शिकागोचा कारखाना रात्रंदिवस चालू लागला. ड्रम सिटीतून घेतलेला रिंगोचा तो पहिला लुडविग सेट २०१५ मध्ये लिलावात वीस लाख डॉलरांहून जास्त किमतीला गेला.

यापुढची कथा मी घाईने उरकतो, कारण रंग वाढले तशी मजा कमी झाली असे मला वाटते. १९६७ मध्ये कीथ मूनने प्रीमियरकडून चित्रांनी भरलेला सेट करून घेतला. बहात्तरच्या सुमारास लुडविगने ॲक्रिलिकचे आरपार दिसणारे खोड काढले आणि लेड झेपेलिनचा जॉन बोनहॅम अंबर रंगाच्या त्या सेटमागे बसला. खोडच रंगीत, मग शीट कशाला? रोलिंग स्टोन्सचा चार्ली वॉट्स मात्र आयुष्याचा बराच काळ ग्रेचच्या साध्या, लाकडी रंगाच्या सेटवर राहिला. त्याला कोणी पाहिले नाही असे झाले नाही.

आपल्याकडे हे ड्रम उतरले मुंबईच्या धक्क्यावर. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय जाझ बँड ताजमहाल हॉटेलात आला आणि त्याच्या मागोमाग आलेल्या बँडांतून गोव्याची पोरे शिकली. स्वातंत्र्यानंतर परदेशी वाद्यांच्या आयातीवर बंधने आली. एकदा आलेला सेट मग जपून, डागडुजी करून, हातोहात फिरत राहिला. स्टुडिओंत पारशी आणि गोवेकर वादक बसत. कावस लॉर्ड आणि त्यांचे मुलगे केरसी व बुजी, राहुलदेव बर्मनच्या ताफ्यातले लेस्ली गोडिन्हो. पडद्यावर यांचे नाव नसे, चेहरा तर नसेच.

चेहरा दाखवला तो एका अमरावतीकराने. भगवान पालव, म्हणजे आपले भगवानदादा, १९१३ मध्ये अमरावतीत जन्मले. त्यांच्या ‘अलबेला’चे संगीत सी. रामचंद्रांचे, हे पुणतांब्याचे. १९५१ च्या या चित्रपटात ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट आणि त्याचा बँड झालरीचे लॅटिन सदरे घालून प्रत्यक्ष पडद्यावर उभा आहे. एका मराठी दिग्दर्शकाने वाजवणाऱ्यांना दाखवावेसे वाटून दाखवले, हे मला त्या चित्रपटातल्या नाचाइतकेच मोठे वाटते. पुढे ‘गुमनाम’मध्ये (१९६५) टेड लायन्सचा बँड रंगीत पडद्यावर आला आणि ‘तिसरी मंझिल’मध्ये (१९६६) तर नायकच ड्रमर झाला. शम्मी कपूर ड्रममागे बसला आणि क्रुपाने तीस वर्षांपूर्वी सुरू केलेले काम हिंदीत पूर्ण झाले.

या कथेत आणखी एक दुवा आहे, तो जळका. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ज्या फिल्मवर उतरला तीही नायट्रोसेल्युलोजचीच. ही फिल्म आगीला निमंत्रण असते, एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते. जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या गोदामात अशा जुन्या फिल्म जळाल्या. ड्रमवरची शीट जाडजूड, लाकडाला चिकटलेली, म्हणून एवढी भयंकर नाही, पण जात तीच. म्हणूनच पुढे कंपन्या हळूहळू दुसऱ्या, सुरक्षित प्लॅस्टिककडे वळल्या.

वऱ्हाडात ड्रमसेट आला तो ऑर्केस्ट्रांबरोबर, गणपतीत आणि गॅदरिंगला. लग्नाच्या वरातीत मात्र बँडपार्टीचे ड्रम. देशभरच्या बँडांची वाद्ये मुख्यतः मेरठच्या जली कोठी बाजारातून येतात. तिथली नादिर अली कंपनी १८८५ ची. या ड्रमांना मोत्याची शीट क्वचितच. त्यांना ऑइलपेंट, बँडमालकाचे नाव, गावाचे नाव, फोन नंबर, काठाला जरीची झालर. पण कारण शिकागोचेच आहे. वरातीत घोडा दिसतो, नवरदेव दिसतो, नाचणारे दिसतात. बाजेवाल्याने स्वतःचे नाव स्वतःच रंगवून घ्यायचे असते.

याला अपवाद म्हणून मला आमच्याच जिल्ह्यातले एक उदाहरण दिसते. मोझरीच्या गुरुकुंजात तुकडोजी महाराजांचे वाद्य होते खंजिरी. लाकडी कडे, कातडे, झांजा. ना मोती, ना चमकी. एवढ्या ऐवजावर त्यांनी हजारोंच्या सभा जिंकल्या आणि १९५५ मध्ये ती खंजिरी जपानच्या धर्मपरिषदेपर्यंत नेली. पण महाराज सगळ्यांच्या पुढे बसत. ज्याचे वाद्य आणि तोंड एकाच ठिकाणी असते त्याला झळाळी लागत नाही. ती लागते मागच्या रांगेतल्याला.

१९८५ मध्ये रोलंड कंपनीचा ऑक्टोपॅड निघाला आणि बघता बघता ऑर्केस्ट्रातला ड्रमसेट गेला. काळी प्लॅस्टिकची पेटी, आठ चौकोन, एका पिशवीत मावणारी. ट्रकभाडे वाचले, हे खरेच. भजनी मंडळांपासून लावणीपर्यंत ती सगळीकडे आहे आणि वाजवणारे कमालीचे हुशार आहेत. पण तिला खोड नाही, म्हणून अंग नाही, म्हणून पोशाखही नाही.

जुने सेट अजून मिळतात. मुंबई-पुण्याकडे, क्वचित नागपूरच्या एखाद्या चर्चच्या किंवा क्लबच्या माळ्यावर. सापडलाच तर काही गोष्टी बघाव्यात. ड्रमच्या बाहेरच्या बाजूचा कंपनीचा बिल्ला आणि छिद्रे बघा. कोणी नव्याने भोके पाडली असतील तर भाव निम्म्यावर येतो. शीट बोटाने जोरात घासून वास घ्या. कापराचा वास आला तर ती अस्सल नायट्रेट, आणि मग तिच्याजवळ उदबत्तीही नको. पांढरा मोती पिवळा पडलेला असेल तर तो पुसून जाणार नाही. उजेडाने आणि क्लबातल्या सिगारेटींनी तो तसा झाला आहे. नायट्रेटची शीट वर्षानुवर्षे आकसते, सांध्याला उघडते, आणि वऱ्हाडातल्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवली तर फारच लवकर. सुटलेली कड पातळ सरस भरून, पट्ट्याने आवळून दोन दिवस तशीच ठेवावी. सोलून टाकून नवी चकचकीत शीट लावायचा मोह दुकानदार घालतीलच. त्यांना सरळ नाही म्हणावे.